‘मी शिकवले’ याचा पुरावा

मराठीत ‘शिकणे’ हे मूळ क्रियापद आणि ‘शिकवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. उठणे-उठवणे, हसणे-हसवणे, निजणे-निजवणे ही त्याच घरची जोडपी. प्रयोजक क्रियापदात करवणारा एक असतो आणि प्रत्यक्ष करणारा दुसराच. आईने बाळाला निजवले असे आपण बाळ निजल्यावरच म्हणतो. ते टक्क जागे असेल तर आई ‘निजवत होती’ एवढेच खरे. संस्कृतातही अध्यापन हे अध्ययनाचेच प्रयोजक रूप आहे. तरीही ‘मी शिकवले, पण मुले शिकली नाहीत’ हे वाक्य शाळाशाळांतून रोज ऐकू येते आणि त्यात काही खटकत नाही. कोणी म्हणेल, व्याकरणातून तत्त्वज्ञान काढू नये; वैद्याने औषध दिले पण रोगी बरा झाला नाही, असेही आपण म्हणतोच. ते मान्य आहे. पण गुण आला नाही तर चांगला वैद्य दुसऱ्या दिवशी पुन्हा नाडी पाहतो आणि औषध का लागू पडले नाही याचा शोध घेतो. व्याकरणाने काही सिद्ध होत नाही, एक प्रश्न मात्र उभा राहतो. शिकवणे ही क्रिया सुरू होते एकाच्या तोंडी आणि पुरी होते दुसऱ्याच्या मनात. मग ती झाली की नाही, हे करणाऱ्याने कशावरून ओळखायचे? आपल्या शिकवण्याचा शोध घेणे हा शिकवण्याच्या धर्माचाच भाग आहे, पदवीसाठी पत्करलेले वेगळे काम नव्हे, असे माझे म्हणणे आहे. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाचे खरे प्रयोजनही मला तेच वाटते.

हा प्रश्न हवेतला राहू नये म्हणून तो शिरूर आणि दौंड या तालुक्यांत आणून पाहू. मध्ये भीमा, उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे शिरूरच्या काही शाळांत घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुले मराठीतून शिकतात. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे इथले सहकारी साखर कारखाने. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात, त्यांच्याबरोबर मुले येतात, आणि हंगाम संपला की कोपी मोडून सगळे परत निघतात. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, तिथल्या वस्तीची घडण आणखी निराळी. अशा शाळांतले शिक्षक डी.एड. झाल्यावर, नोकरी सांभाळून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुढचे शिक्षण घेतात. बी.एड.ला कृतिसंशोधन असते, एम.एड.ला लघुप्रबंध. २०१५पासून हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले आहेत. त्या दोन वर्षांत शिक्षकाने नेमके काय शोधायचे, हाच इथे मुद्दा आहे.

तिसरीच्या वर्गातली एक वजाबाकी घेऊ. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत आणि मुलाने उत्तर लिहिले आहे पस्तीस. वहीवर लाल फुली पडते आणि शेरा येतो, ‘हातचा विसरला’. पण ‘कसे केलेस ते सांग’ असे म्हटले तर मूल उत्तर देऊ शकते: दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच, पाचातून दोन काढले, तीन. म्हणजे मूल काहीही विसरलेले नाही. ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे’ असे त्याला सांगितले होते आणि ते त्याने प्रामाणिकपणे पाळले. चुकीचे मूळ शिक्षकाच्या वाक्यात होते. ते वाक्य पूर्ण संख्यांपुरते खरे होते, एकेका स्थानच्या अंकांना ते लागू नाही ही त्याची हद्द मात्र सांगायची राहिली होती. फुली मारणाऱ्याला मुलाची चूक दिसते. विचारणाऱ्याला स्वतःचे वाक्य मुलाच्या मनात जाऊन काय झाले ते दिसते. संशोधन या भारदस्त शब्दाचा गाभा माझ्या मते या एका प्रश्नात आहे. तोच प्रश्न पुढे नेता येतो. असे उत्तर किती मुलांनी दिले, ती मुले कोणती, नियम वेगळ्या शब्दांत मांडला किंवा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले तर काय बदलले, महिन्याभराने ते टिकले का? इतके पद्धतशीर विचारले आणि लिहून ठेवले की लघुप्रबंधाचा पाया तयार होतो.

अशा नोंदी नसल्या की काय होते, ते २०१९मध्ये महाराष्ट्राने पाहिले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली. बावन्न म्हणताना आपण आधी दोन उच्चारतो आणि मग पन्नास, लिहिताना मात्र आधी पाच आणि मग दोन. हा उलटसुलटपणा लहान मुलाला अडतो, म्हणून ‘पन्नास दोन’ असेही वाचावे, अशी त्यामागची भूमिका होती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ती शांतपणे मांडली. वाद विधिमंडळापर्यंत गेला. भाषेचा अभिमान, पिढ्यांची सवय, मुलांची सोय असे सगळे मुद्दे निघाले आणि त्यांतला कुठलाच खोटा नव्हता. पण मुलांना कशाने अधिक समजते, हे ठरण्याची जागा वर्ग हीच होती. गावोगावच्या दुसरीच्या शिक्षकांनी ‘बावन्न’ ऐकून कोणी पंचवीस लिहिले, कधी लिहिले, मग काय केल्यावर सुधारले, याच्या नोंदी ठेवलेल्या असत्या, तर त्या वादाला पुराव्याची जमीन मिळाली असती. शिक्षक नोंद ठेवत नाही तेव्हा त्याच्या वर्गाबद्दल इतर बोलतात, आणि तेही त्याच्याशिवाय.

यावर पहिला गंभीर आक्षेप तात्त्विक आहे. जो कर्ता, तोच साक्षी कसा होणार? मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. शिक्षक तर खाणारा पक्षी. वर्गात बुडालेला, वेळापत्रकाने बांधलेला, मुलांवर माया किंवा राग असलेला. त्याने स्वतःच्या शिकवण्याचा निवाडा केला तर तो पक्षपाती असणारच. आक्षेपातला धोका खरा आहे, म्हणून तो टाळता येत नाही. पण दोन्ही पक्षी एकाच झाडावर आहेत, हेही त्या रूपकातच आहे. साक्षी परगावाहून बोलवावा लागत नाही. ज्ञानदेवांच्या ‘चांगदेव पासष्टी’त पाहणारा आणि आरसा यांचा विचार आहे: आरशात पाहणाऱ्याचे दोन होत नाहीत, तरी आरशाविना आपले मुख आपल्याला दिसत नाही. शिक्षकापुढचा आरसा म्हणजे मुलाची वही, मुलाने स्वतःच्या शब्दांत दिलेले स्पष्टीकरण, मागच्या बाकावर बसून तास पाहणारा सहकारी आणि तारीख घालून लिहिलेली रोजची नोंद. या चारही गोष्टी शिक्षकाच्या मर्जीबाहेरच्या आहेत. त्याला वाटते तसे त्या बोलत नाहीत, यातच त्यांचे मोल. पक्षपात पूर्ण जात नाही, पण तो उघडा पडतो आणि दुरुस्त करता येतो. बाहेरून आलेल्या संशोधकाचाही पक्षपात असतोच. शिवाय कोणते मूल काल उपाशी आले होते, हे त्याला माहीत नसते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. वीस-पंचवीस वर्षे शिकवणाऱ्याला संशोधनाची काय गरज? परंपरेने याचे उत्तर चांगदेवाच्याच कथेत देऊन ठेवले आहे. चौदाशे वर्षांचा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायना काय घालावा हेच न कळल्याने कोरा कागद पाठवून बसला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताईने म्हटल्याचे सांगतात. काळ आपोआप ज्ञान देत नाही, हे मराठी मनाने इतक्या नेमकेपणाने सांगितले आहे की वेगळा दाखला नको. तरीही एक दाखला दौंड तालुक्यातच आहे. केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२मध्ये त्यांनी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. विद्वत्तेत त्यांना कोणी कमी म्हणू शकत नव्हते. तरी १८८६मध्ये अमेरिकेत गेल्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती शिकायला विद्यार्थिनी म्हणून बसल्या आणि मराठी मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार करण्याच्या कामाला लागल्या. संस्कृत ग्रंथ मुखोद्गत असणे वेगळे आणि पाच वर्षांच्या मुलीचे लक्ष कशाने लागते हे कळणे वेगळे, हा भेद त्यांनी स्वतःच्या आयुष्यात मान्य केला. पुढे केडगावला दुष्काळातून आलेल्या मुली त्यांच्यापुढे होत्या, अंध मुलींसाठी ब्रेलही तिथे आली. अशा विद्यार्थिनींपुढे जुन्या पाठांतराचा अनुभव किती पुरला असता?

तिसरा आक्षेप श्रद्धेतून येतो आणि त्याचा मान राखूनच उत्तर दिले पाहिजे. शिकवणे ही गुरुकृपेची, एका जीवाने दुसऱ्याला जागवण्याची गोष्ट आहे. तिची तक्त्यांत मांडणी केली की तिचा प्राण जातो, असे म्हणतात. मोजता येते तेवढेच खरे, असा हट्ट धरला तर प्राण जाईल, हे मलाही मान्य. पण शोध म्हणजे मोजमापच, हे कोणी ठरवले? मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ पाहा. चक्रधरस्वामींनंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते अशा माणसांकडून एकेक प्रसंग विचारून गोळा केला. स्वामी कोणाशी काय बोलले, कोणता दृष्टांत कोणाला दिला, ऐकणाऱ्याने पुढे काय केले, हे सारे त्यात आले. आठवणींत फरक आढळला तर तोही जपण्याची रीत त्या परंपरेत दिसते. एका गुरूच्या शिकवण्याची ही शिष्यांच्या साक्षीने केलेली नोंद आहे. ती करणारे श्रद्धाळूच होते. श्रद्धा होती म्हणूनच नेमकेपणा हवा होता. आपल्या इच्छेप्रमाणे एकही शब्द पदरचा पडू नये, ही त्यांना काळजी होती. मराठी गद्याचा आरंभच जर शिकवण्याच्या शोधाने होत असेल, तर हा शोध परका आहे असे म्हणायला जागा उरत नाही. कर्ट लेविन यांनी १९४६मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, स्टीफन कोरी यांनी १९५३मध्ये ती शाळेत आणली आणि लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५मध्ये ‘संशोधक शिक्षक’ हा विचार रुजवला. त्यांचे ऋण आहेच, पण आपल्या मातीत हे बी आधीपासून होते.

पुरावा कसा असावा, हे शिरूर तालुक्यातल्या पाबळने दाखवले आहे. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत डॉक्टरेट केलेल्या आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असायचे, हे त्यांचे सूत्र. जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून पाणी कुठे लागेल याचा अंदाज मुले शेतकऱ्याला देत, लोखंडाच्या त्रिकोणी सांगाड्यांतून घुमट उभारत. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या कल्पनेतली फॅब लॅबही इथे आली. मला यात ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घुमट उभा राहतो किंवा राहत नाही. जोड ढिला असेल तर तो शिकवणाऱ्याच्या पदाकडे पाहून घट्ट होत नाही. ‘मी शिकवले’ या विधानाची परीक्षा इथे शिक्षकाच्या हातातून निघून वस्तूच्या हाती जाते. हा आश्रम भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. जे. पी. नाईक यांनी १९४८मध्ये मुंबईत स्थापलेली ही संस्था १९७६मध्ये पुण्यात आली आणि शिक्षणातल्या संशोधनाचे केंद्र झाली. प्रबंध लिहिणारी संस्था आणि पाबळचे अंगण यांचे असे एक नाते असणे, हे पदव्युत्तर अभ्यासाचे योग्य चित्र आहे.

मात्र सगळ्यात जड आक्षेप नीतीचा आहे. शिक्षक संशोधक झाला की मुले साधन होतात, असे म्हणतात. एका गटाला नवी पद्धत, दुसऱ्याला जुनीच. मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, सरासरीतला फरक. जे चांगले वाटते ते अर्ध्या मुलांना मुद्दाम न देणे शिक्षकाला कसे शोभेल? हा आक्षेप मी स्वीकारतो आणि त्यात आणखी एक भर घालतो. लघुप्रबंधात एक निरागस दिसणारे वाक्य येऊ शकते: उत्तरचाचणीस अनुपस्थित विद्यार्थी न्यादर्शातून वगळले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते रास्त असेल. पण दौंडमधल्या एखाद्या शाळेत ही वगळलेली मुले कोण असतील? दिवाळीनंतर आलेले आणि उत्तरचाचणीआधी टोळीबरोबर गेलेले ऊसतोड कामगाराचे मूल. ज्याला शिकवणे सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचे, तेच गणितातून गळते, आणि निष्कर्ष आपोआप बरा दिसू लागतो. यावर उपाय संशोधन सोडणे हा नाही. संशोधन सोडल्याने ते मूल वर्गात परत येत नाही. रीत बदलणे हा उपाय. संपूर्ण वर्गाला बरोबर घेऊन काळानुसार बदल पाहावा, मुलाला काय चालले आहे ते सांगावे, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे आणि गेलेल्या मुलालाही निष्कर्षात जागा द्यावी: हे मूल इतके दिवस होते, इथपर्यंत पोहोचले, इथे अडले. ज्याच्यामुळे सरासरी बिघडते त्या मुलाची दखल ही माझ्या लेखी संशोधनाच्या प्रामाणिकपणाची पहिली कसोटी आहे.

आता पदवीकडे वळू. एम.एड.च्या लघुप्रबंधाचा मराठी साचा ठरलेला आहे. शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘सारांश, निष्कर्ष व शिफारशी’ आणि लिहिणारा स्वतःला म्हणतो ‘प्रस्तुत संशोधक’. शिफारशी कोणाला? शासनाने साहित्य पुरवावे, मुख्याध्यापकांनी प्रोत्साहन द्यावे, पालकांनी लक्ष घालावे. ‘यापुढे मी अमुक बदलीन’ हे वाक्य त्या साच्यात बसतच नाही. अध्यात्मात ‘मी कर्ता नाही’ असे म्हणणे अहंकाराच्या त्यागासाठी असते. इथे ‘मी’ पुसला जातो तेव्हा अहंकाराबरोबर जबाबदारीही पुसली जाते. म्हणून माझी मागणी साधी आहे: शिकवण्यावरच्या संशोधनात प्रथमपुरुषी ‘मी’ला जागा मिळावी, मार्गदर्शकाने तो मागावा, आणि शिफारशींच्या आधी ‘माझ्या अध्यापनात झालेला बदल’ हे प्रकरण यावे. प्रबंध कपाटात जाण्याआधी केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे वाचला जावा. तिथे त्याच इयत्तेला शिकवणारी माणसे असतात आणि त्यांना पोकळ निष्कर्ष लगेच कळतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की शिक्षकाला वेळच कुठे आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, त्यात बहुवर्ग अध्यापन. शिवाय पुष्कळ जण पदवी घेतात ती बढतीसाठी. ही तक्रार खरी आहे आणि ती शिक्षकावर ढकलणे अन्यायाचे आहे. वेळ हवा असेल तर तो व्यवस्थेनेच मोकळा करून दिला पाहिजे. पण शोधाला लागणारा वेळ आपण समजतो तितका वेगळा नसतो. लाल फुलीऐवजी एक प्रश्न, दिवसाच्या टाचणाशेवटी दोन ओळी, महिन्यातून एकदा त्या ओळी वाचून पाहणे. बढतीच्या हेतूबद्दल बोलायचे तर हेतू मिश्र असणे हा माणसाचा स्वभाव आहे. पगारवाढीसाठी सुरू केलेले काम नीट केले तर माणसाला बदलू शकते. मात्र त्या कामात स्वतःला पाहण्याची सक्ती हवी. उरतो एकच आक्षेप: एका वर्गाचा निष्कर्ष दुसऱ्या वर्गाला कसा लागू होणार? नियम म्हणून लागू होणार नाही, दृष्टांत म्हणून होईल. दृष्टांत ऐकणारा तो जसाच्या तसा उचलत नाही. आपल्या परिस्थितीशी ताडून पाहतो. पाबळच्या दृष्टांताने पाटसचा शिक्षक आपल्या वर्गाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला तर ज्ञान पुढे गेले म्हणायचे.

शेवटी पुन्हा त्या वजाबाकीकडे येतो. हंगाम संपतो, टोळी निघते, आणि ‘मोठ्यातून लहान’ करणारे मूलही निघते. स्थलांतरित मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, म्हणजे पुढच्या शाळेला ते कुठवर आले आहे हे कळावे. त्या पत्रकाबरोबर दोन ओळी जोडता येतील: वजाबाकीत वरचा अंक लहान असला तर अंक उलटे करतो, गठ्ठा सोडून दाखवला की जमते; तोंडी हिशेब पक्का आहे. त्या दोन ओळींत न्यादर्श नाही, परिकल्पना नाही, संदर्भसूचीही नाही. पण त्यांत एका शिक्षकाने आपल्या शिकवण्याकडे पाहिले आहे, मुलाला विचारले आहे, जे दिसले ते सचोटीने मांडले आहे आणि ते दुसऱ्या शिक्षकाच्या हाती दिले आहे. पदव्युत्तर अभ्यासाने शिक्षकाला निदान या दोन ओळी लिहिण्याइतके सजग करावे. ‘मी शिकवले’ हे वाक्य तेव्हाही अपुरेच राहील, कारण ते पुरे होणार आहे दुसऱ्या गावात, दुसऱ्या फळ्यासमोर, त्या मुलाच्या हातून. त्याचा पुरावा मात्र दोन शाळांच्या मध्ये हरवणार नाही.